घरात नवीन काय आलंय?

उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं, माझा उजवा पाय हवेत होता, आणि नेमकी तेव्हाच ती पोर खोकली.

साधं खोकणं नव्हतं ते. चार वर्षांची छकुली, जरीचा परकर घातलेली, आपल्या आईच्या कडेवर होती. खोकता खोकता तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला बघायला जमलेल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मी आपली तशीच एका पायावर उभी. कोणी म्हणेना पाय टाक, कोणी म्हणेना थांब. शेवटी माझे मिस्टर, दिवाकर, कानाशी येऊन म्हणाले, "ओलांड ना आता." मी गडबडीत पाय लावला तो जरा जोरातच लागला. तांदूळ पार समोरच्या भिंतीपर्यंत गेले.

"पाय जोराचा आहे हो सुनेचा," कोणीतरी पाहुणी म्हणाली. बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, त्या नातीची पाठ चोळत होत्या.

मी पळसगावची, धानाच्या मुलखातली. आमच्याकडं धान कापून घरात आलं की बापाला हात मोकळा वाटतो, म्हणून माझं लग्न मार्गशीर्षातलं. दिलं ते दगडी कोळशाच्या शहरात. शहराच्या एका अंगाला खाणी, दुसऱ्या अंगाला विजेचा कारखाना, मधून ट्रकांचा रस्ता, आणि या सगळ्याच्या पोटात आमचं बैठं घर. घरात माणसं मोजकी: सासूबाई, खाणीत पाळ्या करणारे माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, मोठ्या जाऊ विमलताई, त्यांची छकुली आणि आम्ही दोघं. बाबा सगळ्या गावाला सांगत सुटले होते, पोरगी शहरात दिली, नळाचं पाणी आहे, घरात टीव्ही आहे. ते सगळं होतंच. खोटं काही नव्हतं.

पहिल्या सकाळी अंगणात आले तर सूर्य दिसला. म्हणजे सूर्याकडं सरळ बघता येत होतं. पिवळट, ताटाएवढा, कोणीतरी पुसायचा राहून गेल्यासारखा. मी विमलताईंना म्हटलं, "काय धुकं आहे हो इथं."

"थंडीत असते," त्या म्हणाल्या.

आमच्या गावचं धुकं मला माहीत होतं. ते ओलं असतं, पापण्यांवर थेंब बसतात. हे कोरडं होतं आणि घशात लागत होतं. पण नवी सून, धुक्यावरून वाद कोण घालणार? शहराचं धुकं असंच असेल म्हटलं आणि गप्प बसले.

अशा पुष्कळ गोष्टी मी 'असंच असेल' या खात्यात टाकल्या. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पावलांना काळी करायची. सासूबाई म्हणायच्या, "पाय धुतल्याबिगर पलंगावर चढायचं नाही," आणि मला वाटायचं, काय स्वच्छतेची शिस्त आहे या घराला. वाळत घातलेलं पांढरं लुगडं झटकून घडी करायचं. आंघोळीच्या पाण्याला अंगणात कोळशाची शेगडी. कोळसा सायकलवरून यायचा, दोन्ही बाजूंना पोती लटकवलेली, आणि सायकलवाला हातानं ढकलत दारोदार फिरायचा. शेगडी पेटवली की आधी पिवळा, जाड धूर निघतो. तो धूर सरेपर्यंत ती बाहेर रस्त्यावर ठेवायची आणि निखारे लाल झाले की आत आणायची. ही त्या गल्लीची रीतच होती. सकाळी बघावं तर प्रत्येक घरासमोर एकेक शेगडी धुमसत बसलेली आणि बायका दारात उभ्या राहून आपापल्या शेगडीवर नजर ठेवून आहेत. मला ते बघायला आवडायचं. हळदीकुंकवाला जमल्यासारख्या वाटायच्या.

आणि शेगडी आत आली की तिच्याजवळ छकुलीला बसवायचं, मफलर बांधून. थंडीनं खोकला होतो, ऊब दिली की जातो, हे सगळ्यांना माहीत होतं.

छकुलीला मी कशी आवडले कोण जाणे. दिवसभर माझ्या मागं मागं. माझ्या बांगड्या मोजायची, माझ्या पावडरचा डबा उघडून नाकाला लावायची, आणि दुपारी माझ्या नव्या रजईत शिरून झोपायची. ती रजई बाबांनी गावच्या नव्या कापसाची भरून दिली होती. तिच्यात झोपली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. मी आधी हसले होते त्या शिट्टीला.

संक्रांतीच्या आगेमागे एका सकाळी ती उठलीच नाही नीट. बसली, आणि दोन्ही हात गादीवर रोवून श्वास ओढायला लागली. बरगड्या आत जायच्या, मानेचा खड्डा आत जायचा, आणि आवाज असा की दाराची बिजागरी कुरकुरावी. विमलताई तिला उचलून नुसत्या घरभर फिरत होत्या. आम्ही सगळे रिक्षात कोंबून डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं, जरा वेळानं पोर निवली. मग त्यांनी चष्मा पुसत, सगळ्या आयाबापांना विचारत असतील तसं विचारलं, "ॲलर्जीचं दिसतंय. घरात नवीन काही आलंय का?"

तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. डॉक्टरांनी पुढं गादी, मांजर, रंग, पावडर अशी नावंही घेतली. पण ती कोणी ऐकलीच नसावीत. सासूबाई टेबलाकडं बघत होत्या. दिवाकर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. विमलताई मात्र सरळ माझ्याकडं बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या बघत होत्या.

घरात नवीन आलेली मी होते.

आता एक सांगते, माझं सासर वाईट नव्हतं. कोणी मला टाकून बोललं नाही, कोणी पायगुण हा शब्द तोंडातून काढला नाही. सासूबाईंनी तर घरी येताच सांगितलं, "हे बघ पोरी, मी जुन्या वळणाची नाही. डॉक्टर म्हणते ना वस्तू असते म्हणून, मग वस्तूच शोधू." आणि त्या शोधायला लागल्या.

पहिल्यांदा पावडर गेली. मग आवळ्याचं तेल गेलं, खोबरेल आलं. दोन दिवस छकुली बरी होती. सगळ्यांना वाटलं तेलच होतं. तिसऱ्या दिवशी परत शिट्टी. मग माझी रजई माळ्यावर गेली. मग पेटीतल्या डांबरगोळ्या, गजरा, माझ्या आईनं दिलेल्या उदबत्त्या. मिरचीच्या फोडणीवर बंदी आली. एके दिवशी विमलताई माझ्या लाखेच्या बांगड्या नाकाशी धरून हुंगत होत्या. मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. मी त्या काढून दिल्या.

सासूबाई न्यायी होत्या. माझ्याच वस्तू काढताहेत असं नको म्हणून त्यांनी स्वतःची तपकिरीची डबी उचलून नालीत फेकली. इतक्या वर्षांची सवय. चार दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं, पण परत विकत आणली नाही.

सगळं काढून झालं. शेगडी आपली रोज पेटत होती, रोज आत येत होती, कारण ती काही नवीन नव्हती.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता सासूबाई आपल्याशीच बोलल्या, "आता राहिलं काय?"

विमलताईंनी मान वर केली नाही. मीही केली नाही. सुपात खडे पडल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी नळापाशी कपडे धुताना विमलताईंचा बांध फुटला. "कुंदा, मी तुला काही म्हणत नाही. तू चांगली आहेस. पण मला एकच आहे गं. याच्या आधी ती अशी कधीच झाली नव्हती."

"कधीच नाही?"

"थंडीत थोडी खोकायची. ती सर्दी होती."

तेव्हा मला हे पुढं विचारायचं सुचलं नाही. आधीच्या थंडीतला खोकला सर्दी होता, कारण त्या वर्षी घरात कोणी नवीन आलं नव्हतं. पण हे आज कळतं. तेव्हा मी स्वतःलाच विचारत सुटले. माझ्या अंगात असं काय आहे? घामाला वास येतो का? पळसगावहून मी काय घेऊन आले? मी रोज दोनदा आंघोळ करायला लागले. छकुलीपासून लांब बसायला लागले. ती जवळ आली की मी काहीतरी काम काढून उठायची.

"काकू, तू माझ्याशी बोलत नाहीस काहून?" तिनं विचारलं.

"बोलते ना."

"मग मांडीवर घे."

घेतलं. ती गळ्याला बिलगली आणि तिची शिट्टी थेट माझ्या कानात वाजायला लागली. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांब, थांब, थांब. ती काही थांबली नाही. मी तिला खाली ठेवलं आणि दिवाकरांना म्हटलं, "मी जरा माहेरी जाऊन येते."

त्यांनी 'नको' म्हणावं असं वाटत होतं. ते सहकारी बँकेत क्लार्क होते, दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासायचे, पण स्वतःचं मत विचारलं की त्यांची तारांबळ उडायची. ते म्हणाले, "थोडे दिवस राहून घे. बघू काय होते ते."

"काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय माहीत, कुंदा."

होळीच्या आधी मी निघाले. सासूबाईंनी माझी पेटी भरून दिली. पावडर, तेल, उदबत्त्या, बांगड्या, सगळं आठवणीनं घातलं. माळ्यावरची रजईसुद्धा खाली काढून दोरीनं बांधून दिली. एक वस्तू मागं ठेवली नाही. थोडे दिवस जाणाऱ्या बाईची रजई कोण बांधून देतं? बसमध्ये ती रजई मांडीवर घेऊन मी बसले आणि सगळ्या वाटभर रडले.

आणि छकुली बरी झाली.

पाडव्याला दिवाकर आले ते हसतच. "अगं, पूर्ण बरी झाली. पळते, उड्या मारते. औषधसुद्धा बंद केलं." मग त्यांना कळलं आपण काय बोललो. पन्ह्याचा पेला हातात धरून ते खाली बघायला लागले.

"म्हणजे मीच ना?" मी म्हटलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

"ते कळलं असतं तर तुला घेऊनच नसतो गेलो का?"

उन्हाळा गेला. पाऊस आला, धानाची रोवणी झाली. दिवाकर यायचे, राहायचे, आणि जाताना दर वेळी एक नवं निमित्त काढून मला ठेवून जायचे. पेरण्या होऊ दे, पोळा होऊ दे, नवरात्र होऊ दे. छकुली तिकडं गुटगुटीत होत होती. मला त्याचा आनंद व्हायचा, पण ती जितकी बरी, तितकी मी दोषी. देवाकडं काय मागावं तेच कळत नव्हतं. संध्याकाळी दिवा लावताना मी नुसती हात जोडून उभी राहायची आणि काही न मागता आत यायची.

गावात कुजबुज सुरू झाली होती. शेवटी बाबांनी विचारलंच, "पोरी, तिथं झालं काय? सोडलं का तुला त्यांनी?"

"माझ्यामुळं त्यांच्या पोरीला दम लागतो."

"तुझ्यामुळं कसा?"

"ते माहीत नाही."

बाबा उठले, माझ्यासमोर अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि त्यांनी छाती फुगवून एक मोठा श्वास घेतला. सोडला. परत घेतला. "हे बघ. मला तर काहीच होत नाही," ते म्हणाले. मग आईला हाक मारली, "अवो, तू बी ये, बस इथं." दोघं म्हातारी माझ्यासमोर बसून भात्यासारखा श्वास घेत होती, सोडत होती, मला पटावं म्हणून. मी हसले की रडले मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

दिवाळसणाला दिवाकर आले. धानाची कापणी तोंडावर आली होती, हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या घरून निरोप आला की शहरातून फोन आहे. दिवाकर धावत गेले. परत आले ते पांढरेफटक होऊन.

"दादाचा फोन होता. छकुलीला सरकारी दवाखान्यात ठेवलंय. या वेळी जास्त आहे म्हणते."

मी ओसरीवर बसून पणत्या पुसत होते. मी म्हटलं, "पण मी तर इथं आहे."

"हो."

"मी इथंच आहे ना? होळीपासून?"

"हो ना, कुंदा."

आठ-नऊ महिने आवळून धरलेलं काहीतरी सुटलं. आणि त्याच क्षणी ती पोर तिकडं हात रोवून श्वास ओढत असेल हेही डोळ्यांसमोर आलं. एकाच छातीत या दोन गोष्टी कशा मावतात मला माहीत नाही, पण मावल्या. मी उठले, पायात चप्पल घातली आणि म्हटलं, "चला." पेटी घेतली नाही. रजई घेतली.

दवाखान्यात लहान मुलांचा वॉर्ड भरलेला होता. एकेका खाटेवर दोन दोन पोरं. कोणाच्या तोंडाला वाफेच्या मशीनची वाटी, कोणी आईच्या खांद्यावर मान टाकलेलं. सगळीकडून तीच शिट्टी येत होती, बारीक, जाड, लहान, मोठी. मी दारातच थबकले. वर्षभर ज्या आवाजाला मी माझा आवाज समजत होते, तो इतक्या अनोळखी पोरांच्या छातीतून निघत होता.

छकुली खिडकीजवळ होती. विमलताई तिच्या उशाशी डोकं टेकून पडल्या होत्या. सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मी रजई उलगडून पोरीच्या पायांवर घातली. कोणी नको म्हटलं नाही.

नर्सबाई औषध द्यायला आल्या. मी विचारलं, "इतकी मुलं एकदम कशी आजारी पडली हो?"

"एकदम कुठं? दरवर्षीचंच आहे हे," त्या सुई भरता भरता म्हणाल्या. "दिवाळी झाली, थंडी पडली की धूर खाली बसते ना गावावर. शेगड्यांचा, गाड्यांचा, कारखान्यांचा, सगळाच. होळीपर्यंत असंच चालते. मग वारा सुटला की वॉर्ड रिकामा. पण दरवर्षी पोरं जास्तच येऊन राहिली."

दिवाळी ते होळी. मी मनात जुळवून पाहिलं. मार्गशीर्षात मी आले, होळीला गेले. मी आले ते धुराबरोबर, आणि गेले तेही धुराबरोबर. एवढंच होतं. इतकं साधं होतं ते की मला संताप आला. मी जन्मात कधी सासूबाईंना उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. हळूच बोलले, पण बोलले. "आई, या सगळ्यांच्या घरी औंदा नव्या सुना आल्यात का हो?"

सासूबाईंनी वॉर्डभर नजर फिरवली. या खाटेपासून त्या खाटेपर्यंत. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रागावतील, किंवा रडतील, किंवा चुकलं म्हणतील. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"तुझाच पायगुण असता तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या.

तो शब्द त्या घरातून मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो असा.

"काय म्हणता, आई?"

"खरं तेच म्हणते. तुझ्यामुळं होत असतं तर तुला माहेरी धाडलं की झालं होतं. पोर वाचली असती माझी. आता मी काय करू? या हवेला कोणत्या माहेरी धाडू?"

माझा सगळा राग तिथंच पांगला. त्या बाईनं मला वाईट म्हणून नव्हतं धाडलं. तिला दोष कुठंतरी असा हवा होता जो दोरीनं बांधून बसमध्ये बसवता येईल. मी तशी होते, हाताशी होते. मी त्यांना माफ केलं का? तेव्हा केलं नाही. पण त्यांच्या शेजारी बसले. दोघी मिळून त्या पोरीचे श्वास ऐकत बसलो.

मग मला सुचलं. तसं ते सगळ्यांच्या नाकासमोर होतं. "हवेला नाही धाडता येत," मी म्हटलं, "पण हिला धाडता येईल. माझ्या माहेरी."

विमलताईंनी डोकं उचललं.

"तिथं हवा चांगली आहे. माझ्या बाबांनी श्वास घेऊन दाखवला मला."

त्या कार्तिकात, पोर दवाखान्यातून सुटली तशी, मी तिला घेऊन पळसगावला गेले. होळी झाल्यावर परत आणली. शाळा सुरू होईपर्यंत दर थंडीत हेच. सासर धुराचं, माहेर श्वासाचं, आणि मी दोन्हीकडं ये-जा करणारी. छकुली माझ्या बाबांना आजोबा म्हणायला लागली. पुढं शाळेमुळं ते जमेना, मग तोंडाला लावायचा दम्याचा पंप आला, औषधं आली. ती मोठी झाली, शिकली. खोकला तिच्याबरोबरच मोठा झाला.

या गोष्टीला तीस वर्षं झाली असतील. गल्लीतल्या शेगड्या गेल्या, गॅस आला. पण रस्ता चौपदरी झाला, ट्रक वाढले, कारखाने वाढले. चौकात एक पाटी लागली आहे, तिच्यावर आजची हवा किती वाईट ते लाल आकड्यात दिसतं. लोक तिच्याखाली चहा पितात. दिवाळी ते होळी हा हिशोब केव्हाच मोडला. आता गणपती उठले की खवखव सुरू होते आणि होळीनंतरही ती जायचं नाव घेत नाही.

तरी माझ्या मनात तो जुना हिशोब घट्ट बसलेला. माझ्या मुलाचं, सुहासचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडचे म्हणाले मार्गशीर्षात करू. मी म्हटलं, "नाही. लग्न वैशाखात." मांडवात अंडं उकडेल असं ऊन असतं आमच्याकडं वैशाखात. दिवाकर म्हणाले, "अगं, पाहुणे भाजून निघतील." विमलताई म्हणाल्या, "काय हट्ट गं हा?" मी कारण सांगितलं नाही. सून घरात येईल तेव्हा वारा वाहता असावा, आकाश मोकळं असावं, आणि तिच्या पायाशी कोणाचा खोकला बांधला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. तिच्या वेळी तरी ते होऊ नये म्हणून मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

लग्न झालं. सगळे घामानं निथळत होते. वरात दारात आली. उंबरठ्यावर तांदळाचं माप. विमलताई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या, शेजारी छकुली, आता दोन लेकरांची आई, खास भावाच्या लग्नाला आलेली. सासूबाई दाराशी खुर्चीत. नव्वदीला टेकलेल्या, दिवसातून चारदा माझं नाव विसरणाऱ्या, कोणाचं लग्न आहे हेही त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं होतं.

नव्या सुनेचं नाव शर्वरी. तिनं पाय उचलला, आणि छकुली खोकली.

भर वैशाखात. वारा सुटलेला असताना. खोकली ती खोकलीच, थांबेना. पदराखालून पंप काढून तिनं तोंडाला लावला. बायकांच्या माना वळल्या. शर्वरीचा पाय हवेत. मला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. मला बोलायचं होतं. तीस वर्षं ज्यासाठी तयार होते ते नेमकं बोलायचं होतं. पण मी वैशाख निवडला होता. आता अजून कोणता महिना निवडायचा होता?

खुर्चीतून आवाज आला.

"तो खोकला आमचा आहे, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "घरचाच आहे. तू यायच्या आधीपासूनचा आहे." त्यांनी आपला हडकुळा हात पुढं केला, शर्वरीकडं नाही, माझ्याकडं. माझं मनगट धरलं. मग सुनेला म्हणाल्या, "तू बिनघोर आत ये."

शर्वरीनं माप ओलांडलं. तांदूळ फार लांब गेले नाहीत, उंबरठ्याच्या आतच सांडले, आणि छकुली खोकता खोकताच ते गोळा करायला खाली बसली.